आधी येऊन दाखवा

गेल्या शुक्रवारी कँटीनमध्ये टीममधल्या एका पोराशी माझं वाजलं. पोरगा हुशार आहे, कोड स्वच्छ लिहितो, मनाने चांगला आहे. म्हणूनच जास्त लागलं. मी सोमवारी सुट्टी का घेतली होती हे सांगता सांगता विषय निघाला तो म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठीच्या सरकारी योजनांचा. तर तो म्हणाला, "बॉस, आता सगळ्याला स्कीम आहे. सगळं ऑनलाइन झालंय. आणि खरं सांगू का, म्हाताऱ्या माणसांकडे त्यांच्या घरच्यांनी बघावं ना, सरकारने का बघायचं?"

तीन वाक्यं. तिन्ही मी स्वतः कधी ना कधी बोललेलो आहे, अगदी याच आत्मविश्वासाने. त्या वेळी नीट उत्तर काही देता आलं नाही, नुसताच आवाज चढला आणि शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. म्हणून आज शनिवारची सकाळ यावर घालवतोय.

आधी आत्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

माझी आत्या ८८ वर्षांची आहे. मूलबाळ नाही, काका जाऊन वीस वर्षं झाली. जिल्ह्याच्या गावी एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. आयुष्यभर बालवाडीत शिकवलं, म्हणजे पेन्शनचा प्रश्नच नाही. आम्ही तीन भाचे: मी पुण्यात, एक बंगळूरला, एक न्यू जर्सीत. २०२३च्या दिवाळीत तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं बरंचसं परत आलं, हात नाही आला. वाड्याचा जिना सतरा पायऱ्यांचा आहे. लाकडी, आणि उभा. त्या दिवाळीनंतर आत्या स्वतःच्या पायांनी तो उतरलेली नाही.

आता गंमत बघा. मे २०२४, लोकसभेची निवडणूक. निवडणूक आयोगाने ८५च्या वरच्या आणि ४० टक्क्यांपासून पुढे दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत द्यायची सोय केली होती. लोकसभेला देशभर अशी सोय पहिल्यांदाच. आधी एक बाई येऊन १२-ड नावाचा फॉर्म भरून घेऊन गेल्या. ठरल्या दिवशी निवडणुकीचे कर्मचारी, एक पोलीस आणि कॅमेरावाला, अशी सगळी वरात त्या सतरा पायऱ्या चढून वर आली. पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आत्याने डाव्या हाताने खूण केली, पाकीट बंद झालं, सही झाली. कोणी तिला दाखला मागितला नाही. वय मतदार यादीत होतंच. त्या दिवशी ती सकाळपासून ठेवणीतलं पातळ नेसून बसली होती. फोनवर मला म्हणाली, "अरे, सरकार घरी आलं होतं!"

वर्षभरात हेच सरकार तिला म्हणालं, "आजी, तुम्ही या."

झालं असं की आत्याला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. (भाचे आयटीत असताना हे अनुदान कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. त्याकडे नंतर येतो.) तर २०२५च्या उन्हाळ्यात हे पैसे यायचे बंद झाले. चौकशी केली तेव्हा कळलं की हयातीचा दाखला नोंदला गेलेला नाही. म्हणजे आत्या जिवंत आहे हे सिद्ध झालेलं नाही. मी बँकेत फोन केला, तर उत्तर आलं, "आजींना घेऊन या, अंगठा लावू."

मग काय, प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्चीत आत्याला बसवलं, उपरण्याने बांधलं आणि चौकातल्या दोन पोरांनी ती खुर्ची सतरा पायऱ्या खाली उतरवली. मी पुढे, उलटा चालत. रिक्षात बसवताना तिचा पाय दुखावला, पण ती काही बोलली नाही. बँकेत यंत्रावर उजवा अंगठा ठेवायला मूठ उघडेना. डावा ठेवला, तर जुळेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेलेल्या. "आजी, हात पुसा. परत ठेवा. परत." चार वेळा झाल्यावर तो मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "यांचं नाही होत. तहसीलमधून लिहून आणा." त्यावर आत्या हळूच मला म्हणाली, "अरे, पण मी इथे बसलेय ना?"

त्या मुलाची चूक नव्हती. त्याच्या स्क्रीनवर 'ही बाई समोर बसली आहे' असं बटणच नव्हतं. ते बटण न ठेवणारा माणूस तुमच्या-माझ्यासारखाच कुठल्या तरी एसी ऑफिसात बसलेला होता. हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

पुढचा अंक दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा. ऑक्टोबर २०२५पासून राज्य सरकारने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या योजनांमधल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान १,५०० वरून २,५०० केलं. निर्णय चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यासाठी दिव्यांग असल्याचं प्रमाणपत्र हवं. आजवर कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की आत्या 'दिव्यांग' आहे. आमच्या लेखी ती म्हातारी होती आणि आजारी होती.

पोर्टलवर नोंदणी मी पुण्यात बसून अर्ध्या तासात केली. मनात म्हटलं, वा! मग तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात बोलावणं आलं. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला डॉक्टर होते, पण बोर्ड पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. खाली उतरून बघायला कोणाला वेळ नव्हता, आणि बाहेरची रांग बघितल्यावर त्यांना तरी काय बोलणार! तिसऱ्या खेपेला काम झालं. ७० टक्के. प्रत्येक खेपेला खुर्ची, उपरणं, दोन पोरं, रिक्षा, माझी सुट्टी, आणि त्या रात्री आत्याचं कण्हणं. चालता येत नाही हे सिद्ध करायला तिला तीनदा यावं लागलं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. ज्याला येता येत नाही त्यालाच 'आधी येऊन दाखवा' म्हणणारी सेवा ही सेवा नव्हे. ती चाळणी आहे. आणि ही चाळणी अशी की ज्याला गरज कमी तो पार होतो आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज तो अडकतो. ज्याच्याकडे खुर्ची उचलणारी पोरं आणि सुट्टी घेणारा भाचा आहे त्याला दाखला मिळतो. ज्याच्याकडे कोणीच नाही तो घरीच राहतो, आणि आकडेवारीत 'लाभार्थी आले नाहीत' अशी नोंद होते.

आता माझ्या दोस्ताची तीन वाक्यं एकेक करून घेऊ.

पहिलं: सगळ्याला स्कीम आहे.

आहे ना. यादी लांबलचक आहे. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आहे. २००७मध्ये ती या नावाने सुरू झाली तेव्हा केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये होता. त्याच वर्षी पहिला आयफोन आला. त्यानंतर फोनचं काय काय झालं ते आपण जाणतो. ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २०२५मध्येही २०० रुपयेच होता. ८०च्या पुढे ५००. राज्यं आपापली भर घालतात म्हणून तो आकडा सहसा दिसत नाही, एवढंच.

केंद्राची दिव्यांगांसाठी वेगळी योजना आहे, २००९ची. दारिद्र्यरेषेखालच्या आणि किमान ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या माणसाला महिन्याला ३०० रुपये. वयाची अट १८ ते ७९. मग ८०वा वाढदिवस झाला की काय होतं? माणूस वृद्धापकाळ योजनेत जातो आणि त्याला ८०च्या पुढच्या इतर सगळ्यांइतकेच ५०० मिळतात. म्हणजे आयुष्यभर आंधळा असलेला माणूस ८०व्या वाढदिवसाला केंद्राच्या हिशोबात नुसताच म्हातारा होतो. दिव्यांगत्वाचा कॉलम नल! गंमत म्हणजे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये दिव्यांगांना इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. ५००चे २५ टक्के जास्त म्हणजे ६२५. आठवीतलं गणित आहे.

मग साधनांच्या योजना. २०१७ची केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना: शिबिरं भरवून गरीब ज्येष्ठांना काठ्या, कुबड्या, श्रवणयंत्रं, कवळ्या, चष्मे, चाकाच्या खुर्च्या देतात. २०२४ची राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना: ६५च्या वरच्यांना अशाच वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये, आधारला जोडलेल्या खात्यात. ऑक्टोबर २०२४पासून ७०च्या वरच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार.

या सगळ्यात काय आहे आणि काय नाही ते बघा. काठी आहे, यंत्र आहे, ऑपरेशन आहे, चार पैसे आहेत. माणूस नाही. आत्याला सकाळी उठवून बसवणारा, आंघोळ घालणारा, कूस बदलून देणारा, तिच्या गोळ्या काढून देणारा माणूस कुठल्याच योजनेत मला सापडला नाही. चाकाची खुर्ची मिळेल, पण सतरा पायऱ्यांच्या वर ती ढकलणार कोण आणि कुठे?

दोष फक्त पैशाच्या आकड्याचा नाही, मांडणीचा आहे. आपल्याकडे म्हातारपण एका टेबलात आणि अपंगत्व दुसऱ्या टेबलात, आणि दोन्हीमध्ये जॉइन कोणी लिहिलेलाच नाही. ऐकू येत नाही? वयामुळे. चालता येत नाही? गुडघे हो, वय झालं. विसरतात? आता एवढं चालायचंच. वय हे असं उत्तर आहे की त्यापुढे प्रश्नच संपतो. २०११च्या जनगणनेत ६०च्या वरचे दिव्यांग सुमारे ५४ लाख भरले. दिव्यांगांच्या एकूण २.६८ कोटी संख्येत म्हणजे दर पाचांतला एक. आणि हे ज्यांनी 'हो, आहे अपंगत्व' असं सांगितलं तेवढेच. आत्याच्या वाड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या 'वय झालं' म्हणणाऱ्यांतल्या. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात पार्किन्सन्स नावानिशी आहे. डिमेन्शिया नावानिशी नाही. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

दुसरं: सगळं ऑनलाइन आहे.

इथे मी जरा आपल्या जमातीबद्दल बोलणार आहे, राग मानू नका.

आपण पोर्टल बनवतो तेव्हा मनातला युजर कोण असतो? तिशीतला, दोन्ही डोळे शाबूत, दोन्ही अंगठे चालू, ओटीपी तीस सेकंदांत टाकणारा. थोडक्यात, आपणच. कॅप्चामधली वाकडीतिकडी अक्षरं मोतीबिंदू झालेल्या माणसाला कशी दिसतील हे टेस्ट केसमध्ये येत नाही. थरथरत्या हाताने सेशन संपायच्या आत फॉर्म भरून होतो का, हेही नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवताना 'डोळे मिचकवा' म्हणणारं अ‍ॅप ज्याला डोळे मिचकवताच येत नाहीत त्याच्यासाठी काय करतं? अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायकांना आणि अंध माणसांना याच प्रश्नासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ३० एप्रिल २०२५ला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसी सगळ्यांना जमेल असं करण्यासाठी वीस निर्देश दिले. म्हणजे 'डोळे न मिचकवणारा माणूसही जिवंत असू शकतो' ही गोष्ट आपल्या धंद्याला न्यायाधीशांनी समजावून सांगावी लागली. लाज वाटते राव.

यातला मूळ दोष कुठल्याही ज्युनियर इंजिनियरला कळेल असा आहे. यंत्रणा बिघडली तर ती कुठल्या बाजूला पडावी, हे आधी ठरवायचं असतं. लिफ्टची वीज गेली तर ब्रेक लागला पाहिजे, लिफ्ट खाली कोसळता कामा नये. आपल्या अनुदानाच्या यंत्रणेत अंगठा जुळला नाही की ती काय गृहीत धरते? माणूस मेला. नेटवर्क नसेल, मेला. यंत्राची काच मळकी असेल, मेला. अंगठा जुळला नाही याचा अर्थ फक्त 'अंगठा जुळला नाही' एवढाच असतो. पैसे चालू ठेवा आणि तपासायला माणूस पाठवा, हा साधा नियम. पण आपण पैसे थांबवतो आणि ८८ वर्षांच्या बाईला पाठवायला सांगतो.

यावर लगेच कोणी तरी म्हणणार, "मग बोगस लाभार्थ्यांचं काय?" प्रश्न रास्त आहे. मेलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलले जातात, खोटे दाखले निघतात, हे आपण सगळे वाचतो. पण मला सांगा, बोगसगिरी कशाने जास्त पकडली जाईल? अंगठ्याच्या यंत्राने, की वर्षातून एकदा घरी जाऊन 'आजी कशा आहात?' विचारणाऱ्या माणसाने? जो घरी जाईल त्याला आजी आहेत की नाहीत हे दारातच कळेल.

तिसरं: घरच्यांनी बघावं.

हे वाक्य ऐकायला फार संस्कारी वाटतं. आणि कायदाही ते म्हणतोच. २००७च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने मुलांवर आणि मालमत्ता मिळणाऱ्या नातेवाइकांवर सांभाळायची जबाबदारी टाकली, निर्वाहाची रक्कम महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत ठेवली. कायदा असू दे, मी त्याच्या विरोधात नाही. पण 'घरचे बघतात' याचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो? 'घरचे' म्हणजे कोण? नव्वद टक्के घरांत ती एक बाई असते, असं मी म्हटलं तर आकडा कुठून आणला म्हणाल, म्हणून आकडा सोडतो. आपापल्या घरात बघा आणि ठरवा. सून, मुलगी, बायको. तिची नोकरी सुटते, कंबर जाते, झोप जाते, आणि तिच्या कामाला कोणी काम म्हणत नाही. आपण पुण्याहून, बंगळूरहून पैसे पाठवतो, दिवाळीला चार दिवस जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर संस्कारांचे मेसेज फॉरवर्ड करतो. आत्याच्या बाबतीत सांगायचं तर ते काम शेजारच्या काकू करतात, सकाळी येणाऱ्या बाईंच्या मदतीने. काकू स्वतः ६९च्या आहेत.

आता ते मघाचं राहिलेलं. भाचे आयटीत असताना अनुदान कशाला? मी आत्याला हे एकदा खरंच विचारलं होतं. म्हटलं, "जाऊ दे ना आत्या, त्या दीड हजारासाठी एवढी दगदग कशाला? मी पाठवतो की." तिने माझ्याकडे असं बघितलं की मला बालवाडीत गेल्यासारखं झालं. म्हणाली, "तुझे पैसे तू दिलेस म्हणून येतात. हे माझे आहेत." बस. त्या दीड हजारातून ती सकाळच्या बाईंना स्वतःच्या हाताने चहा-साखरेचे वरचे पैसे देते, देवासाठी फुलं आणवते, आमच्या पोरांच्या हातावर पन्नासची नोट ठेवते. घरच्यांवर अवलंबून राहायला लावणं हा मदतीला पर्याय होत नाही. ज्याला हात हलवता येत नाही त्याला निदान एवढं तरी हवं की प्रत्येक गोष्ट मागावी लागू नये.

आणि ज्यांना भाचेच नाहीत त्यांचं काय? श्रावणबाळ योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली. महिन्याला १,७५०. एवढ्या उत्पन्नाच्या घराला 'तुम्हीच सांभाळा' सांगणं याला संस्कार म्हणत नाहीत.

बरं, मग करता येण्यासारखं काही आहे का, की नुसतीच चिडचिड? आहे. आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही.

आंध्र प्रदेशात पेन्शन महिन्याच्या सुरुवातीला घरपोच देतात. २०२०पासून हे काम गावातले स्वयंसेवक करायचे, २०२४मध्ये सरकार बदललं आणि ते ग्राम सचिवालयांच्या कर्मचाऱ्यांकडे गेलं. सरकार बदललं तरी घरी जाणं थांबलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. जुलै २०२४पासून तिथे वृद्धांना महिन्याला ४,०००, दिव्यांगांना ६,००० आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेल्यांना १५,००० रुपये ठरवले गेले. म्हणजे 'म्हातारा', 'अपंग' आणि 'उठताच येत नाही' या तीन वेगळ्या अवस्था आहेत हे निदान कोणाला तरी कळलं. या पैशांचा बोजा राज्याला झेपेल का, यावर वाद घाला, जरूर घाला. पण घरी जाता येतं की नाही, हा वाद आता संपला.

लांबच जायचं असेल तर जपानला जाऊ. एप्रिल २०००पासून तिथे दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. म्हातारपणी मदत लागली की अर्ज करायचा, आणि मग पालिकेचा माणूस घरी येतो. ७४ बाबी तपासतो: कूस बदलता येते का, कपडे घालता येतात का, गोळ्या स्वतः घेता येतात का. ती माहिती संगणकात जाते. (हो, तिथेही सॉफ्टवेअर आहे!) आणि तो संगणक काय काढतो? या माणसाला दिवसाला किती मिनिटं मदत लागेल, ते. त्यावर तज्ज्ञांची समिती डॉक्टरचं मत धरून सातांपैकी एक पायरी ठरवते, आणि त्या पायरीप्रमाणे घरी मदतनीस येतो. खर्चाचा साधारण दहावा हिस्सा त्या माणसाने भरायचा, उत्पन्न जास्त असेल तर थोडा जास्त.

हे वाचल्यावर मी आत्याचं प्रमाणपत्र परत काढून बघितलं. ७० टक्के. तिचं शरीर किती गेलं ते त्यात आहे. तिला काय लागतं ते कुठेच नाही. एक संगणक मिनिटं मोजतो, दुसरा टक्के.

आपल्या कायद्यात याची सोय नाही असंही नाही. २०१६च्या त्याच कायद्यात कलम ३८ आहे: ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्याने, किंवा त्याच्या वतीने कोणीही, अर्ज करायचा आणि मंडळाने त्याची गरज तपासायची. कलम २४मध्ये अशा माणसाची काळजी घेणाऱ्याला भत्ता देण्याचा उल्लेख आहे. काळजी घेणाऱ्याला! म्हणजे आमच्या काकूंना! कलम लिहिणाऱ्याने विचार केला होता. रिझर्व्ह बँकेनेही नोव्हेंबर २०१७मध्ये सांगून ठेवलंय की ७०च्या वरच्या आणि दिव्यांग ग्राहकांना रोजच्या बँकिंगच्या सेवा घरपोच द्या, त्यात हयातीचा दाखलाही आहे. आमच्या बँकेतल्या मुलाला हे कोणी सांगितलं नव्हतं. मलाही तोवर माहीत नव्हतं.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसाची तपासणी, ओळख आणि हयात, तिन्ही घरी व्हावं, मागितल्यावर उपकार म्हणून नव्हे, नियम म्हणून. एखादा चांगला अधिकारी खाटेवरच्या माणसाकडे डॉक्टर पाठवत असेलही, पण चांगल्या अधिकाऱ्यावर चालणारी यंत्रणा ही यंत्रणा नव्हे. घरी येणाऱ्याने टक्क्यांच्या जोडीला मिनिटं मोजावीत. दाखला जुळला नाही तर पैसे चालू राहावेत. आणि कलम २४मधला तो भत्ता कागदावरून काकूंच्या हातात यावा.

माणसं कुठून आणायची? मान्य, आशाताई आणि अंगणवाडीताई आधीच मानधनावर दहा कामं करताहेत, अकरावं फुकट त्यांच्या डोक्यावर टाकू नका. पगार देऊन माणसं नेमा. आणि अशक्य वगैरे मला सांगू नका. २०२४मध्ये मतदार यादीत ८५च्या वरचे सुमारे ८२ लाख लोक होते. सरकारने ठरवलं की यांतल्या ज्यांना हवंय त्यांच्या घरी जायचं, आणि गेले. डोंगर चढून गेले, होडीतून गेले, आमच्या वाड्याच्या सतरा पायऱ्या चढून गेले. कोणाला वाटलं नाही की आधी म्हातारीने येऊन दाखवावं. कारण तेव्हा गरज तिला नव्हती, मताला होती.

असो. फार झालं. आता तुमच्यासाठी, म्हणजे माझ्या त्या दोस्तासाठीही, या वीकेंडचा गृहपाठ. घरी फोन करा. आजी-आजोबा, आई-वडील, आत्या, मामा, जे कोणी असतील. त्यांच्या बँकेला ती घरपोच सेवा लेखी मागा. ऐकू न येणं, न दिसणं, न चालता येणं याला 'वय झालं' म्हणणं थांबवा आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी नोंदणी करा. कलम ३८खाली अर्ज करा. मीही या आठवड्यात आत्याचा करतोय. आणि सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या प्रॉडक्टमधला तो एक स्क्रीन शोधा, जिथे अंगठा, ओटीपी किंवा चेहरा जुळला नाही की पुढे रस्ताच नाही. तिथे एक बटण घाला: 'माणूस समोर आहे'.

ता.क. तहसीलमधून लिहून आणल्यावर आत्याचे थकलेले पैसे सप्टेंबरमध्ये जमा झाले. दिव्यांगांचे वाढीव पैसे अजून सुरू व्हायचे आहेत. हयातीचा पुढचा दाखला द्यायची वेळ परत आली आहे. खुर्ची जिन्याखाली ठेवलेलीच आहे.